चढाला तोंड

"मास्तरांची गाडी पुढच्या रविवारी बाराच्या आत आपल्या जोरावर पाड्यातून गेली, तर शेड राहील. दोरीला बांधून गेली, तर सोमवारी पत्रे उतरव. मी तिथं कोंबड्या ठेवीन."

भगीरथदादांनी हे राहीला समाजमंदिरासमोर, आठ-दहा माणसांच्या देखत सांगितलं. त्यांच्या बोलण्यातला मास्तर म्हणजे मी. मी कधीच मास्तर नव्हतो. शहापूरच्या एका वाचनालयात अडतीस वर्षं पुस्तकं दिली-घेतली, निवृत्त झाल्यावर मुरबाडला राहायला आलो आणि दर दुसऱ्या-चौथ्या शनिवारी दोन खोकी पुस्तकं गाडीत टाकून सिद्धगडाच्या पायथ्याच्या या पाड्यावर येऊ लागलो. पहिल्याच दिवशी भगीरथदादा मला मास्तर म्हणाले. तेव्हाच सांगायला हवं होतं. सहा वर्षांनी आता कुठल्या तोंडानं सांगू?

तो चौथा शनिवार होता. पुस्तकं वाटून झाली, उरलेली खोकी मागच्या सीटवर ठेवली आणि किल्ली फिरवली, तर इंजिन नुसतं फिरत राहिलं, पेटेना. माझी गाडी चौदा वर्षांची, लहान, पेट्रोलवर चालणारी. बॉनेट उघडायची कळ कुठे असते हे मी गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत वाचलं होतं, पण ती ओढायची वेळ कधी आली नव्हती.

रस्त्याच्या कडेच्या पत्र्याच्या शेडमधून राही आली. तिशी ओलांडलेली, साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, केस फडक्यात घट्ट बांधलेले. माहेर खर्डीकडचं. लग्नानंतर आठ वर्षं ती मुरबाडच्या एका कंपनीत पाण्याचे पंप जोडायच्या लायनीवर होती. ती लायन बंद झाली तेव्हा मिळालेल्या पैशांतून तिनं पाने, जॅक आणि एक दिवा घेतला आणि चुलत सासऱ्याच्या, म्हणजे भगीरथदादांच्या जागेवर शेड टाकली. मोटारसायकली बऱ्याच येत. चारचाकी क्वचित.

"बाबा, किल्ली फिरवा. स्टार्टर मारू नका, नुसते दिवे लागतील तिथवर."

मी फिरवली. तिनं मागचं दार उघडलं, खोकी खाली ठेवली आणि सीटला कान लावला.

"परत."

परत फिरवली.

"अजून एकदा."

समोरच्या ओट्यावर म्हसा गावच्या जत्रेतून आणलेलं नवं घोंगडं अंथरून धोंडूबाई बसल्या होत्या. पाड्यातल्या सगळ्यांत वयस्क. त्यांना राहवेना. "काय ऐकतंस गो? गाडी काय पोटुशी हाय?"

"पेट्रोल ओढणारा पंप हितं सीटखाली, टाकीत असतो, आत्या. किल्ली फिरवली का दोन सेकंद गुणगुणतो. हा गप हाय."

"मंग मेला असंल."

"तसं लगेच नाय म्हणता येत."

त्यानंतर तिनं जे केलं ते मी रस्त्यावर उभा राहून पाहत होतो. आधी फ्यूज काढून उजेडात धरला. तो चांगला होता. मग रिले नावाची एक काळी डबी काढली, तशीच दुसरी डबी हॉर्नची होती, त्या दोघींची अदलाबदल केली. हॉर्न वाजला, पंप गपच. मग सीट उचलून, टाकीवरचं झाकण काढून, पंपाला जाणाऱ्या तारेच्या टोकाशी छोटा दिवा लावला. किल्ली फिरवल्यावर दिवा दोन सेकंद पेटला आणि विझला.

"करंट हितवर येतोय," ती म्हणाली. "आता म्हणा मेला."

वाचनालयात हरवलेलं पुस्तक शोधायची एक रीत असते. आधी त्याची जागा, मग शेजारची जागा, मग परत आलेल्या पुस्तकांचा गठ्ठा. नवखा माणूस एकदम सगळं कपाट उपसतो आणि आणखी चार पुस्तकं हरवतो. ती रीत अंगी यायला मला दहा वर्षं लागली. राहीनं ती पाऊण तासात माझ्यासमोर करून दाखवली, आणि तिला त्याचं काही विशेष वाटलं नाही.

भगीरथदादा तेवढ्यात आले. त्यांचा राग समजण्यासारखा होता. दिवाळीत कमळूची जीप राहीनं उघडली होती. दोष तिच्या हाती लागला नाही, आणि ती जीप ट्रॅक्टरला दोरी बांधून सरळगावपर्यंत ओढत न्यावी लागली. कमळू वाटेतल्या प्रत्येकाला सांगत गेला. "भगीरथच्या सुनेनं खोलली, आता देव जाणे." दादांना ते झोंबलं होतं. पाड्यात त्यांचा शब्द चालतो, आणि चालणाऱ्या शब्दाला हसणं सहन होत नाही.

म्हणून ती अट.

मी मुरबाडहून गाडी ओढून न्यायला कुणाला तरी बोलावू शकलो असतो. तसं केलं असतं तर अटच उरली नसती. पण राहीची शेड मात्र त्याच दिवशी संपली असती. "होईल तिच्याकडून," असं मी म्हणालो. ते इतकं हळू म्हणालो की कुणी ऐकलं की नाही ठाऊक नाही. एसटीनं परत जाताना वाटभर मला वाटत राहिलं की मी तिच्यावर विश्वास टाकला नाही, ओझं टाकलं.

जुना पंप तिनं काढून, फडक्यात गुंडाळून माझ्या पिशवीत दिला होता. "असाच्या असा आणा, बाबा. वायरीचं टोक अस्संच पायजे." पंपाच्या खालच्या जाळीवर गाळाचा चिखल बसला होता. त्यानंच पंपाचा जीव घेतला, असं ती म्हणाली. एसटीत पिशवीला पेट्रोलचा असा वास येत होता की शेजारचा माणूस उठून मागं जाऊन बसला. मी त्याची माफी मागणार होतो, पण तो फार लवकर उठला.

बुधवारी शहापूरच्या बाजारात गेलो. दुकानदारानं विचारलं, "मॉडेल? साल? पिना किती?" मी पिशवीतून पंप काढून टेबलावर ठेवला. त्यानं आतून नवा आणला. मी खिशातलं भिंग काढून दोन्हींच्या पिना, नळीचं तोंड, रबरी कडं, सगळं ताडून पाहू लागलो.

"बाबा, हिरा घेताय का?" दुकानदार म्हणाला.

मी ओशाळून भिंग खिशात टाकलं. आणि त्यामुळे नळीच्या तोंडाची जाडी दुसऱ्यांदा ताडायची राहून गेली. रविवारपर्यंत ते मला टोचत होतं.

रविवारी पहिल्या एसटीनं साडेआठला पाड्यावर पोचलो. राही वाट पाहत होती. नवा पंप तिनं हातात घेऊन सगळीकडून पाहिला. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो.

"बरोबर आहे?"

"दिसतोय तर."

तिनं आधी टाकीच्या तोंडाभोवतीची धूळ कुंच्यानं झाडली, मग ओल्या फडक्यानं पुसली, मग कोरड्या. एक कण आत पडू द्यायचा नाही. टाकी आधीच रिकामी करून, आतून पुसून ठेवलेली होती. नव्या रबरी कड्याला बोटानं पेट्रोल लावून ते बसवलं, पंप तिरका आत सोडला, सरळ केला, वरची चकती आवळली. वायरीचं टोक दाबल्यावर खट् असा आवाज आला. तो आवाज ऐकूनच तिनं हात काढला.

आठ दिवस दोन कॅनमध्ये निवळत ठेवलेलं जुनं पेट्रोल होतं. तिनं ते न हलवता उचललं, वरवरचं तेवढं पांढऱ्या फडक्यातून गाळून तीन लिटर टाकीत ओतलं. खालचं गढूळ तसंच ठेवलं.

"तीनच?" तिचा नवरा धाकलू म्हणाला. तो कमी बोलणारा माणूस. सकाळपासून सांगेल ते हातात देत होता.

"कडं गळलं तर परत खोलायला लागंल. तेव्हा भरली टाकी कुठं ओतशील?"

तेवढ्यात भगीरथदादा येऊन उभे राहिले आणि त्यांनी विडी शिलगावली.

"मामा, विडी तिकडं. हितं पेट्रोल उघडं हाय."

"माझ्या जागेत मला सांगतंस?"

"जागा तुमचीच. पेटलो तर तुमच्यासकट पेटू."

धोंडूबाई ओट्यावरून खो खो हसल्या. दादा विडी विझवून समाजमंदिराच्या पायरीवर जाऊन बसले, आणि तिथून त्यांनी मनगटावरचं घड्याळ सगळ्यांना दिसेल असं पाहिलं. पावणेअकरा.

गाडी शेडमधून रस्त्यावर घेतली. आणि इथंच ती चूक झाली, जी या पाड्याबाहेर कुणी केली नसती.

या पाड्याचा सगळा रस्ता उताराचा. वर वाघोबाचा दगड, खाली ओढा. इथं कुठलीही गाडी चढाला तोंड करून उभी केलेली दिसायची नाही. बॅटरी उतरलेली असते, थंडीत स्टार्टर ओढत नाही. मग तोंड उताराला असलं की गाडी नुसती सोडायची, वेग आला की गियर टाकून क्लच सोडायचा, इंजिन पेटतं. मोटारसायकली, टेम्पो, कमळूची जीप, सगळ्यांची तोंडं ओढ्याकडे. पाहुणा आला तर त्याचीही गाडी फिरवून घेतात. त्यामुळे शेडमधून माझी गाडी मागं घेतली तेव्हा कुणी काही न बोलताच ती वळवून उताराला लावली गेली. राहीनंच स्टिअरिंग फिरवलं. मीही एका बाजूनं ढकलत होतो. माझ्याही मनात काही आलं नाही.

राहीनं किल्ली फिरवली. मागून बारीक गुणगुण आली. ती ऐकून माझा जीव भांड्यात पडला. मग तिनं स्टार्टर मारला. इंजिन फिरलं, फिरत राहिलं, पेटलं नाही.

पुन्हा. नाही.

तिसऱ्यांदा. नाही.

"ट्रॅक्टरवाल्याला फोन करून ठेवू काय?" कमळू म्हणाला. तो खास बघायला आला होता. "रविवारचा तो म्हशाला जातो. नंतर मिळायचा नाय."

कुणीतरी हसलं. राहीनं मान वर केली नाही.

मला पुस्तिकेतलं एक पान आठवत होतं. टाकी पूर्ण रिकामी होऊन पुन्हा भरली असेल तर, असं सुरू होणारं. मी ते गाडी बंद पडली त्या रात्री वाचलं होतं, काल पुन्हा वाचलं होतं. पण जिनं पंप बदलला तिला, ज्यानं आयुष्यात बॉनेट उघडलं नाही त्यानं काय सांगायचं? आणि चुकीचं निघालं तर? मी दोनदा घसा साफ केला. दुसऱ्या वेळी तिनं माझ्याकडे पाहिलं.

"बोला ना बाबा."

"पुस्तिकेत असं आहे... म्हणजे माझ्या वाचण्यात चूक असेल... की आधी किल्ली नुसती फिरवून पाच सेकंद थांबायचं, बंद करायची. असं चार-पाच वेळा. मग स्टार्टर. नळीत हवा असते म्हणे."

"हवाच असणार!" ती म्हणाली. "सगळी नळी कोरडी हाय. आमच्या पंपाला पण आधी पाणी भरून घ्यायचो. मला कसं सुचलं नाय?" आणि मग माझ्याकडे पाहून, "पयल्यांदाच का नाय बोललात?"



तिनं तसं केलं. किल्ली, थांब, बंद. किल्ली, थांब, बंद. पाच वेळा. मग स्टार्टर. इंजिन फिरलं. पेटलं नाही.

मला नळीच्या तोंडाची जाडी आठवली. भिंग खिशात टाकणारा मी. पंपच चुकीचा आणला असणार. हिची शेड माझ्या संकोचानं बुडाली, असं मला स्पष्ट दिसू लागलं, आणि मी ते सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात कमळू पुढे आला.

"आता सोड गो तिला. उताराला हाय, दोन मिनटांत ओढ्यापर्यंत जाईल. गियर टाकली का पेटणार. जुनं ते सोनं."

"सोडा, सोडा," चार जण म्हणाले. दोघं गाडीच्या मागं जाऊन उभेही राहिले. भगीरथदादा पायरीवरून ओरडले, "सोड की! कशाची वाट बघतंस?"

राहीनं किल्ली काढली आणि कमरेला खोवली.

"सोडायची नाय."

"का पण?"

"पंप कोरडा फिरतोय."

ती ते मोठ्यानं म्हणाली नाही, पण गाडीमागचे दोघं बाजूला झाले. ती मागच्या दारातून आत गेली, टाकीवरच्या चकतीवर एक हात ठेवला आणि धाकलूला किल्ली दिली. "एकदाच फिरव." तो फिरवतो न फिरवतो तोच म्हणाली, "बस. काढ." मग बाहेर येऊन आम्हांला समजावू लागली, नेहमीच्याच आवाजात.

"कंपनीत टेस्टिंगला पंप माझ्याकडं यायचे. दिवसाला दोनशे. पाणी ओढणारा पंप जाड आवाज करतो, हाताला भार लागतो. कोरडा फिरला का आवाज बारीक होतो, हलका. हा हलका वाजतोय. आन् असा फिरवत राहिलो तर नवा पंप पण जळंल, पेट्रोलच त्याला गार ठेवतं. मंग गाडी उतारावर सोडा नाय तर कड्यावरून."

"पेट्रोल तर तूच टाकलंस," कमळू म्हणाला. "डोळ्यांदेखत."

"टाकलं. तीन लिटर. ते कुठं हाय, त्येच बघतंय."

तिनं शेडमधली प्यायच्या पाण्याची बाटली आणली. अर्ध्याहून अधिक रिकामी होती. ती तिनं गाडीच्या टपावर आडवी धरून ठेवली, बूड मागं आणि तोंड पुढं. पाणी सगळं बुचाच्या बाजूला जाऊन बसलं. बुडाशी थेंबही नव्हता. ती बाटलीकडे पाहत राहिली. मग सीटखालच्या चकतीकडे. मग रस्त्याकडे, खाली ओढ्यापर्यंत.

"पंप टाकीच्या मागच्या अंगाला हाय," ती हळू म्हणाली, "आन् आपण गाडीचं तोंड उताराला लावलंय. पेट्रोल सगळं पुढं. पंपाला नुसती हवा." आणि एकदम स्वतःच्या कपाळावर हात मारून हसली. "सवयीनं लावली. मीच लावली."

ते हसणं मी विसरणार नाही. शेड जायला तासाभराचा अवधी उरला होता, दहा माणसं बघत होती, आणि या बाईनं आपली चूक सापडल्याचा असा आनंद केला, जसा मी हरवलेलं पुस्तक सापडल्यावर करत असे. मला माझी चूक सापडली असती तर मी ती आधी लपवायला जागा शोधली असती.

"मंग पेट्रोल आणा आणखी," धोंडूबाई म्हणाल्या.

"कॅनमध्ये उरलंय ते सगळं गढूळ. पेट्रोलपंपावर जाऊन यायला दीड तास. बारा वाजून जातील." तिनं वर वाघोबाच्या दिशेनं पाहिलं. "चढाला तोंड करायचं."

यावर जो गलका झाला तो मी लिहू शकत नाही. चढाला तोंड! आणि नाही पेटली तर? मग सोडायची कुठं? मागं? मागं सोडून कधी गाडी पेटली आहे का?

"हिथं शेडमध्ये सपाटीला घे की," कमळू म्हणाला, आणि प्रथमच त्याच्या आवाजात खोच नव्हती.

"सपाटीला तीन लिटर जेमतेम पुरंल, नाय तर नाय. चढाला सगळं मागं येईल, पंपाच्या अंगावर."

भगीरथदादा पायरीवरून उठून आले. "ऐक. उताराला असली तर एक धक्का तरी हातात हाय. चढाला लावलीस, तर तुझ्या हातात काय राहिलं?"

"किल्ली," राही म्हणाली.

 दादा तिथंच थांबले, पायरीकडे परत गेले नाहीत.

माझी गाडी लहान, पण अरुंद रस्त्यावर चढाला तोंड करून वळवायची म्हणजे पुढं-मागं, पुढं-मागं. धाकलू, कमळू, आणखी सहा-सात जण, दोन बाया. राही स्टिअरिंगवर. प्रत्येक रेट्यानंतर चाकामागं दगड लावायचं काम मी मागून घेतलं. ते काम मला जमण्यासारखं होतं. तरी एकदा दगड लावायला उशीर झाला आणि गाडी वीतभर मागं आली. तेव्हा शेजारून एक पाय पुढे झाला आणि माझा दगड जागी सरकला. पायातली चप्पल भगीरथदादांची होती.

"मास्तर, बोटं सांभाळा," ते म्हणाले.

गाडी चढाला लागली तेव्हा अकरा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. माझ्या आठवणीत त्या रस्त्यावर चढाला तोंड केलेली ती पहिली गाडी. माणसं थोडी बाजूला होऊन तिच्याकडे असं बघत होती, जणू कुणी उलटा सदरा घातला आहे.

राही लगेच किल्लीला हात लावेना. "पेट्रोल मागं येऊन बसू द्या," म्हणाली. मग मला म्हणाली, "बाबा, तुमी बसा पुढं. तुमी फिरवा. मी पंपाशी बसतंय."

मी बसलो.  किल्ली घट्ट धरली. मागं तिनं चकतीवर तळहात ठेवला.

"फिरवा."

फिरवली. बारीक आवाज. तोच.

"बंद. फिरवा."

बारीकच. पण शेवटी, थांबताना, तो किंचित अडखळला. आवाज अडखळल्यावर आनंद व्हावा हे मला नवीन होतं, पण मागून ती "हां" म्हणाली.

"बंद. फिरवा."

या वेळी आवाज बदलला. ते मलासुद्धा कळलं. आधी डास गुणगुणावा तसा होता, आता भुंगा. जाड, खालच्या पट्टीतला, काहीतरी उचलणारा.

"लागला!" ती म्हणाली. "हाताला भार लागला. अजून दोनदा, तुमच्या पुस्तकात हाय तसं."

दोनदा केलं.

"आता मारा."

स्टार्टर मारला. इंजिन फिरलं, फिरलं, एकदा खोकलं आणि थांबलं. बाहेर कुणीतरी "अर्रर्र" म्हणालं. "परत," ती शांतपणे म्हणाली. "खोकली म्हणजे पेट्रोल पोचलं." पुन्हा मारला. इंजिन दोनदा खोकलं, अंग झटकलं आणि पेटलं. आधी हेलकावत, मग एका सुरात.

बाहेर शिट्ट्या वाजल्या. कमळूनं टपावर थाप मारली. राहीला त्याचं काही नव्हतं. ती गुडघ्यांवर बसून, चकतीच्या कडेनं बोट फिरवून, ते बोट नाकाशी नेत होती. एकदा फिरवलं, पुसलं, पुन्हा फिरवलं. "गळत नाय," असं ती स्वतःलाच म्हणाली, आणि मग तिचे खांदे खाली आले. तोवर ते वर उचललेले होते हे मला तेव्हा कळलं.

खाली मुरबाडला जायचं तर आधी वर जाणं भाग होतं. रस्ता फक्त वाघोबाच्या दगडापाशी एका दमात वळण्याइतका रुंद आहे. मी गियर टाकणार तेवढ्यात शेजारचं दार उघडून भगीरथदादा आत बसले.

"चला. बघू तरी."

गाडी चढली. रिकामी गाडी नव्हे. पुढं दादा, मागं सीट नसलेल्या जागेत खाली बसलेली राही, तिचा हात चकतीवर.  "पंपाभोवतीची वाटी भरलीय, आता तोंड उताराला केलं तरी पंप कोरडा पडायचा नाय," राही म्हणाली, आणि दगडापाशी मी गाडी वळवली.

"बंद करा, मास्तर."

"बंद?"

"म्हशाला बैल घेताना आमी एक फेरी मारून उभा करतो. चालता बैल सगळेच विकतात. उभा राहिलेला परत उचलतो का, ते बघायचं."

मी आरशातून राहीकडे पाहिलं. तिनं मान हलवली. मी बंद केली. दादा खाली उतरले, वाघोबाला हात जोडले, शेंदराचं बोट कपाळाला लावलं, खालच्या खाचरांकडे पाहत उभे राहिले. मुद्दाम वेळ घालवत होते. मग येऊन बसले.

"लावा."

मी घाईनं स्टार्टरकडे किल्ली नेली.

"बाबा," मागून आवाज आला, "दोन सेकंद."

थांबलो. भुंगा गुणगुणला. मग स्टार्टर. पहिल्या फेरीलाच पेटली.

दादा समोर बघत होते. तसेच बघत म्हणाले, "पत्रे राहू देत."

"आन् कोंबड्या?" राहीनं विचारलं.

"घरामागं ठेवीन. पण शेडचा तो कोपऱ्यातला पत्रा सडलाय, तो बदल. लोकांना वाटंल भगीरथनं सुनेला सडकी जागा दिली."

"बदलीन. आन् बोर्ड लावणार हाय."

"कसला बोर्ड?"

"नावाचा."

"माझं नाव नको त्यात."

"तुमचं कशाला? माझं लावणार."

दादांनी मान फिरवून मागं पाहिलं. काहीतरी लागट बोलणार असं वाटलं, पण त्यांची नजर तिच्या हातावर गेली. तो अजून चकतीवरच होता. ते पुन्हा पुढं बघू लागले.

शेडपाशी मी गाडी थांबवली, बंद न करता. राही उतरली, सीट जागेवर बसवली, माझी दोन खोकी धाकलूनं आणून त्यावर ठेवली. मला तिला खूप काही सांगायचं होतं. तीनशे पानांची पुस्तकं वाचूनही जे शब्द हाताशी हवे तेव्हा येत नाहीत, ते त्या क्षणीही आले नाहीत. मी आभार मानायला सुरुवात केली, कामाचे किती द्यायचे ते विचारायला लागलो, मध्येच पंप मी नीट पारखून आणला नव्हता हेही कबूल करू लागलो.

"बाबा, पंप बरोबर होता," ती म्हणाली. "शनिवारी या. कामाचं तेव्हा बघू. आन् पेट्रोल भरा आधी. तीन लिटरवर घाट चढू नका."

भगीरथदादा रस्त्याच्या मधोमध उभे होते. मनगट डोळ्यांजवळ धरून त्यांनी घड्याळ पाहिलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. ते गाडीच्या खिडकीशी धावत आले. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा माणूस, पण चक्क धावला.

"बोलत काय बसलाय, मास्तर? बाराला तीन मिनटं हायत! ओढा ओलांडल्याबिगर पाड्याबाहेर धरत नाय कुणी. निघा, निघा!" आणि कमळूकडे वळून, "अरे ती जीप हटव वाटेतून! मास्तरांना जाऊ दे!"

कमळू जीपकडे पळाला. जीपचं तोंड उताराला होतं. त्यानं ती सोडली आणि गियर टाकत माझ्यापुढं ओढ्याकडे निघाला. मी त्याच्या मागून, माझ्या आयुष्यात कधी चालवली नव्हती एवढ्या वेगानं, गाडी खाली सोडली.